फोटोखालची ओळ

आदिवासी मुलांना पर्यावरणावर लिहायला शिकवायचं शिबिर दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेतल्या रिसॉर्टवर घ्यायचं, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला मी अजून शोधते आहे. हॉलची एक भिंत काचेची. काचेपलीकडे बाग. बागेत फवारणीचा ट्रॅक्टर आणि तोंडाला ओढणी गुंडाळून काम करणाऱ्या बाया. त्यांतली एखादी तरी आत बसलेल्या पोरांपैकी कुणाच्या ना कुणाच्या गावची असणार. आत एसी चालू, आणि मुलांना आपलं वाटावं म्हणून भिंतीवर वारली चित्रांची झालर. मुलं जवळजवळ सगळी कोकणा जमातीची. वारली असलेला एकमेव मुलगा झालरीकडे पाठ करून बसला होता.

मी वीसेक वर्षं नाशिकच्या एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. दुसऱ्यांच्या बातम्या कापणं हेच काम. नोकरी सोडल्यावर या पर्यावरण संस्थेनं मला मार्गदर्शक म्हणून बोलावलं आणि घरी बसून कंटाळा आलेला असल्यामुळे मी गेले. संस्थेच्या संचालिका मुंबईच्या. सगळ्यांनी त्यांना ताई म्हणायचं असा नियम होता. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच लहान, म्हणून मी तोंडावर म्हणायचं टाळलं. इथे सोयीसाठी म्हणते.

पहिल्याच सत्रात ताईंनी प्रत्येकाच्या ओंजळीत बागेतली माती ठेवली. "डोळे मिटा. माती तुमच्याशी काय बोलते ते ऐका."

मुलांनी डोळे मिटले. शिबिरं करून करून ती सराईत झालेली होती. कुठे डोळे मिटायचे, कुठे हात धरून गोल करायचा, कुठे टाळ्या वाजवायच्या, सगळं पाठ. थोड्या वेळानं ताई एका मुलीसमोर जाऊन हळुवार आवाजात म्हणाल्या, "तुला काय ऐकू आलं?"

"ऐकू नाही आलं ताई. औषधाचा वास येतोय. हात धुवायचा नळ कुठंय?"

ताईंनी ते हसण्यावारी नेलं. मी त्या मुलीचं नाव लक्षात ठेवलं.

ती सुरगाण्याकडची. नाशिकला बी.ए. करत होती, सरकारी वसतिगृहात राहत होती. गुणी वगैरे अजिबात नव्हती. उशिरा यायची, दिलेलं काम शेवटच्या क्षणी करायची आणि चूक दाखवली की आधी भांडायची, मग दुरुस्त करायची. शुद्धलेखन भयंकर. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायची, भाषण नाही. एवढ्यावर मी खूश होते.

पुढचे महिने मी या सगळ्या मुलांना नाशिकमध्येच, संस्थेच्या ऑफिसात आठवड्याला भेटत गेले. माझं शिकवणं साधं होतं. तू काय पाहिलंस? कुणी सांगितलं? त्याला कसं माहीत? फोटो काढलास तर खाली लिही: कोण, कुठे, कधी, काय करतंय. काही शब्दांवर मी पहिल्याच दिवशी बंदी घातली. धरणीमाय, निसर्गपूजक, वनराई, संस्कृतीचा ठेवा. पोरं कासावीस झाली. त्या शब्दांवाचून पहिलं पान भरेना.

या मुलीचा पहिला लेख आला तो असा सुरू होत होता: 'आम्ही निसर्गाची लेकरं, वृक्ष आमचे सखे.'

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माझंच."

"खरं सांग."

"मागच्या वर्षी ज्याला बक्षीस मिळालं त्याचं. त्यानं त्याच्या आधीच्या वर्षीच्या मुलीचं घेतलेलं."

"म्हणजे ही तिसरी पिढी."

"चालतं मॅडम. परीक्षक दरवर्षी नवे असतात."

तिचं बरोबर होतं. मीही अशा स्पर्धांची परीक्षक होते आणि बाकीचे परीक्षक कशावर माना डोलावतात ते पाहिलेलं होतं. आदिवासी मुलानं झाडाला मिठी मारली की शहरातल्या माणसाला फार बरं वाटतं. स्वतःच्या सोसायटीतलं झाड पार्किंगसाठी तोडलेलं असतं, त्याची भरपाई होते.

"मला माहीत नाही असं तुला काय माहीत आहे?" मी म्हटलं.

ती विचार करून म्हणाली, "राब माहितीये तुम्हाला?"

"ऐकून."

"मग तेच लिहिते. पण त्याला बक्षीस नाही मिळायचं."

राब म्हणजे भाताच्या आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, रोपांसाठी जमीन भाजणं. उन्हाळ्यात ऐनाच्या झाडांच्या फांद्या छाटून आणायच्या, खोड ठेवायचं. बांधाच्या आत त्या पसरायच्या, वर शेण, पालापाचोळा, मातीचा थर, आणि वारा पडलेला असताना सकाळी पेटवायचं. आग हळूहळू सरकते. कुणीतरी ओला टहाळ घेऊन उभं राहतं आणि बांधाकडे सरकणारी ज्वाळ झोडपतं. पावसाआधी त्या राखेत बी पडतं. हे ऐकलं की वृक्षसखेवाल्यांची पंचाईत होते, कारण यात झाडाच्या फांद्या तुटतात आणि धूरही होतो.

तिनं ते सगळं लिहिलं. तिच्या काकीबद्दल लिहिलं, जी दरवर्षी घरचा राब भाजते. काकीचं म्हणणं, ऐन आता लांब लांब मिळतो, झाडं विरळ झाली. काकाचं म्हणणं, झाडं आहेत तेवढीच आहेत, काकीचे गुडघे म्हातारे झाले. आणि पुढे तिनं लिहिलं होतं, 'दोघांपैकी कोणाचं खरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.' माझ्या सगळ्या नोकरीत असं वाक्य लिहिणारा वार्ताहर मला भेटला नव्हता. आमचे वार्ताहर ऑफिसातून निघतानाच ठरवून निघत.

फोटो तिनं मोबाईलवर काढला होता. पुढे धूर, धुरात टहाळ घेतलेली काकी, मागे डोंगर. खाली ओळ लिहिली होती: 'आमच्या शेतात राब भाजताना माझी काकी. आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून हातात ओला टहाळ.' गावाचं नाव टाकलं नव्हतं. मी टाकायला लावलं. ठिकाण नसलेला फोटो म्हणजे कॅलेंडर, असं मी तिला म्हटलं. लेख आणि फोटो संस्थेकडे पाठवला आणि माझं काम झालं असं समजून बसले.

मे महिन्यात संस्थेनं तो आपल्या सोशल मीडियाच्या पानावर टाकला. मथळा होता, 'होरपळतंय माझं रान'. लेखाच्या जागी आठ-दहा ओळी उरल्या होत्या, त्यांत धरणीमाय परत आलेली. काका-काकीचं भांडण गेलेलं. राब हा शब्द कुठेच नव्हता. फोटोखाली लिहिलं होतं: 'वणव्यात जळणारं जंगल आणि ते वाचवण्यासाठी एकाकी झुंजणारी आदिवासी माता.' त्यापुढे गावाचं नाव, तालुका. ते मात्र अचूक.

मी ताईंना फोन लावला. त्या प्रवासात होत्या. मजकूर बघणाऱ्या मुलाशी बोलायला सांगितलं. तो फार गोड बोलला.

"मॅम, राब कुणाला कळत नाही ना. दोनदा वाचावं लागतं."

"मग वाचू दे दोनदा."

"वणवा कसं, लगेच कनेक्ट होतं."

"अरे पण वणवा नव्हता."

"मॅम, फोटोत आग आहे, मागे जंगल आहे."

त्या मुलानं आयुष्यात शेत पेटलेलं पाहिलं नव्हतं आणि जंगल पेटलेलंही नाही. त्याच्या दृष्टीनं धूर आणि डोंगर मिळून वणवा. यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर निदान भांडता आलं असतं.

मुलगी फोन उचलत नव्हती. चार-पाच दिवसांनी स्वतःच इंदिरानगरला माझ्या घरी आली. चप्पल काढून दारातच उभी राहिली.

"आत ये."

"मॅडम, तुम्ही बघितलं का?"

"बघितलं."

"मग ऐका." आणि तिनं उभ्यानंच सांगितलं.

गावाच्या ग्रुपवर आधी कौतुक झालं, आपल्या पोरीनं काढलेला फोटो आला म्हणून. मग कुणीतरी खालची ओळ वाचली. दोन दिवसांनी वनखात्याचा गार्ड फोटो मोबाईलमध्ये घेऊनच गावात आला. तुमच्याच पोरीनं लिहिलंय जंगलाला आग लागली म्हणून. मग लावली कुणी? आणि ही बाई तिथं काय करत होती?

ते शेत तिच्या काका-काकीचं. बापजाद्यांपासून कसत आलेलं, पण सरकारी कागदावर अजून जंगलच. ते नावावर व्हावं म्हणून वनहक्काचा दावा घातलेला, आणि पावसाच्या आधी मोजणीला माणसं यायची होती. जंगल जाळून जमीन काढतात असा शेरा एकदा बसला की दावा गेला. आणि शेरा बसवायला लागणारा फोटो तिनं स्वतःच काढून दिला होता, नावगावासकट.

"काकी काय म्हणाली?"

"म्हणाली, घरी येऊ नको म्हणत नाय मी. पण फोन घेऊन येऊ नको." मुलगी मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना मॅडम, गावाचं नाव टाक, वाचणाऱ्याला कळलं पाहिजे कुठलं ते. कळलं त्यांना."

मी चहा टाकला. तिनं तो घेतला आणि आम्ही संस्थेत गेलो.

संस्थेचं ऑफिस गंगापूर रोडला. दारात बांबूचे दिवे, आत बसायला मुद्दाम जमिनीवर गाद्या, म्हणजे माझ्यासारखीला उठताना भिंत धरावी लागते. ताई परतल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी मुलीचा हात हातात घेतला.

"बेटा, आय ॲम सो सॉरी. आपण लगेच पोस्ट काढून टाकू."

"काढू नका."

"म्हणजे?"

"काढल्यावर तुमच्याकडचं जाईल. गार्डच्या मोबाईलमधलं राहील. मग खरं काय होतं ते मी दाखवू कुठं?"

"मग तुला काय हवंय?"

"तोच फोटो, तेवढाच मोठा. खाली खरी ओळ. आणि आधीची ओळ संस्थेनं लिहिली होती, मी नाही, असं."

ताईंनी हात सोडला. "हे बघ, कुणाला दोष देण्यात आपण अडकायला नको. संस्थेच्या नावाचा प्रश्न येतो. शेवटी भावना पोचणं महत्त्वाचं, आणि ती तर पोचली ना?"

"पोचली ताई. फॉरेस्ट ऑफिसात पोचली."

मी हसले. ताईंना ते आवडलं नाही. त्या म्हणाल्या, कमेंटमध्ये एक खुलासा टाकता येईल, शब्दरचना विचार करून ठरवू. तेवढ्यात मुलीला भिंतीला टेकवून ठेवलेलं काहीतरी दिसलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मोठी चौकट. प्लॅस्टिकमधून धूर दिसत होता. पर्यावरण दिनाला प्रदर्शन भरायचं होतं, मुलांची कामं मांडायची होती, आणि प्रमुख पाहुणे म्हणून वनखात्याचे एक वरिष्ठ अधिकारी यायचे होते. चौकटीखाली तीच ओळ, आता सोनेरी अक्षरांत.

"ही तरी बदला," मी म्हटलं.

"ती फ्रेम होऊन आलीये," ताई म्हणाल्या, जणू दगडात कोरून आली होती.

खुलासे कसे छापतात हे मला चांगलं माहीत आहे. चूक पहिल्या पानावर झालेली असते आणि खुलासा आतल्या पानावर, नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात येतो. तो कुणी वाचू नये म्हणूनच तिथे असतो. कमेंटमधला खुलासा म्हणजे त्या मुंगीचंही पिल्लू. तेव्हा आम्ही तिथून निघालो आणि शालिमारजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारलं, "वाढदिवस का भावपूर्ण श्रद्धांजली?"

"दुरुस्ती," मी म्हटलं.

"कशाची दुरुस्ती? दुकान आहे का तुमचं?"

"मजकूर आम्ही सांगतो, तुम्ही टाईप करा."

"नुसता मजकूर? फोटो नाही?"

"मध्ये हा फोटो," म्हणत मुलीनं मोबाईल पुढे केला.

त्यानं काकीकडे बघून आवाज खाली आणला. "कधी गेल्या?"

"जिवंत आहे ती!" मुलगी ओरडली.

"मग फुलं नको का बाजूनं? सिंह देऊ का? वाढदिवसाला लोक सिंह मागतात."

सिंह नको, फुलं नको, कमळ-गुलाब नको, मागे सूर्योदय नको, हे पटवण्यात मजकुरापेक्षा जास्त वेळ गेला. मजकूर तिनं सांगितला, मी कापला, ती भांडली, मग तिनंच पुन्हा कापला: 'दुरुस्ती. शेजारच्या फोटोत वणवा नाही. ही माझी काकी आहे. ती स्वतःच्या शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजते आहे. आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून तिच्या हातात ओला टहाळ आहे. शेजारची ओळ मी लिहिलेली नाही.' खाली तिचं नाव आणि गाव. आकार चौकटीएवढा, तिनं ऑफिसातच वितीनं मोजून ठेवला होता.

पर्यावरण दिनाला आम्ही नाशिकमधल्या प्रदर्शनाच्या हॉलवर लवकर गेलो आणि चौकटीशेजारच्या खिडकीच्या गजांना फ्लेक्स सुतळीनं बांधला. स्वागताची तयारी चालू होती. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोप द्यायचं होतं, आणि रोपाची कुंडी चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत होते. ताई आल्या, थबकल्या.

"हे काय आहे?"

"दुरुस्ती," मुलगी म्हणाली.

"असं परस्पर लावता येत नाही. पूर्ण डिस्प्लेचा लूक जातोय." त्यांनी मजकूरवाल्या मुलाला खूण केली. तो सुतळी सोडायला पुढे झाला.

तेवढ्यात दारातून काकी आली. सोबत गावच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष आणि जीपभर माणसं. पोरीनं त्यांना बोलावलंय हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. पेठ नाक्यावर उतरून ती सगळी चालत आली होती. काकी उंच, हडकुळी, कपाळावर आठ्या. ती सरळ फोटोसमोर आली, दोन्हीकडे आळीपाळीनं बघितलं. पुतणीनं तिला आपल्या बोलीत दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. मला अर्ध्यामुर्ध्या कळल्या. काकीनं ऐकून घेतलं, एक खुर्ची ओढली आणि फ्लेक्सच्या खाली, खिडकीला पाठ लावून बसली. बाकीच्यांनीही खुर्च्या ओढल्या. मजकूरवाला मुलगा सुतळीपर्यंत पोचायचा तर आता त्याला काकीच्या मांडीवर चढावं लागलं असतं.

शहरातले सुजाण नागरिक जमू लागले. खादीचे कुर्ते, मातीचे दागिने, कापडी पिशव्या. एका बाईंनी चौकटीतली काकी आणि खुर्चीतली काकी ओळखली आणि त्या धावत आल्या. "अय्या, तुम्हीच का त्या वणव्यातल्या? एक सेल्फी!" फ्लेक्स त्यांच्या डोक्यावर होता. तो त्यांनी वाचला नाही. काकीनं सेल्फी काढू दिला आणि मग पुतणीला विचारलं, "ही कोण?"

"कोणी नाही. बसून राहा."

प्रमुख पाहुणे आले. रोप घेतलं, ते लगेच कुणाच्या तरी हातात गेलं. ताई त्यांना एकेक चौकट दाखवत आणत होत्या आणि आमच्या कोपऱ्याजवळ आल्यावर चाल वाढवली. पण साहेब थांबले. लठ्ठ अक्षरांत दुरुस्ती असं लिहिलेलं दिसलं की सरकारी माणूस थांबतोच. त्यांनी चौकट वाचली, फ्लेक्स वाचला, मग खाली बसलेल्या बाईकडे बघितलं.

"तुमचा राब का हा?"

"मंग कोणाचा?" काकी बसल्या जागेवरून म्हणाली. "साहेब, जंगल पेटलं असतं तर मी काय फोटूला उभी राहिली असती?"

साहेब हसले. मग आजूबाजूचे सगळे हसले, ज्यांनी आतापर्यंत काही वाचलं नव्हतं तेही. ताईसुद्धा हसल्या, त्यांना दुसरा इलाज नव्हता.

समितीचे अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते पुढे होऊन म्हणाले, "साहेब, हेच जरा आमच्या गार्डला सांगा. त्याच्याकडं त्या चौकटीतलाच फोटो हाय, हा दुरुस्तीचा नाय."

"बघतो," साहेब म्हणाले.

बघतो या शब्दाची किंमत मला आहे तेवढीच अध्यक्षांनाही माहीत होती. म्हणून ते बोलत असतानाच त्यांनी मागे हात करून कुणाला तरी इशारा केला होता, आणि साहेब फ्लेक्स वाचताहेत, बाजूला काकी बसली आहे, असा फोटो निघालाही होता. जेवणाच्या आधी तो गावच्या ग्रुपवर गेला. खाली काय लिहायचं हे त्यांनी तिथेच खुर्च्यांवर बसून भांडून ठरवलं, पुतणीनं टाईप केलं: 'पर्यावरण दिन, नाशिक. वनखात्याचे मोठे साहेब राबाची खरी माहिती वाचताना.' त्यात कोण, कुठे, कधी, काय, सगळं होतं. मी एक शब्द कापला नाही.

त्यानंतर भाषणं झाली. ती मी ऐकली नाहीत. ताईंनी समारोपात 'स्थानिक ज्ञानपरंपरेशी आज घडलेला उत्स्फूर्त संवाद' असा उल्लेख केल्याचं नंतर संस्थेच्या पानावर वाचलं. सोबत काकीचा फोटो होता. फ्लेक्स त्यात कापला होता.

खरा फ्लेक्स काकीनं जाताना सोडवून घेतला. सुतळीसकट. मोजणीची माणसं आली त्या दिवशी तो शाळेच्या व्हरांड्यात टांगला होता, असं मुलीनं सांगितलं. गार्डही आला होता. फोटोचा विषय त्यानं काढला नाही. मोजणी झाली, शेरा बसला नाही. दावा अजून मंजूर झालेला नाही, कारण तो मंजूर व्हायला जी टेबलं ओलांडावी लागतात त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसायला कुणाची काकी नसते. पण तो त्या फोटोपायी गेला नाही, एवढं नक्की.

संस्थेनं पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. मुलीलाही नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही, ती मधूनमधून माझ्याकडे लेख घेऊन येते आणि अजून उशिराच येते. परवा आली तेव्हा मी विचारलं, घरी फोन चालतो का आता?

"चालतो. पण काकी म्हणते, फोटू काढलास की खाली काय लिवलं ते आधी मला वाचून दाखव. मग पाठव."

"दाखवतेस?"

"दाखवते. लय चुका काढते." ती वैतागून म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त."